बाटली रात्री कुठं होती?

“जिवंत आहेस का ते नंतर सांग, आधी चव सांग!”

सर विहिरीच्या काठावर ओणवे होऊन ओरडत होते आणि मी मोटेच्या दोराला बांधलेला, गळ्याएवढ्या पाण्यात लोंबकळत होतो. वर बघ्यांची ही गर्दी. कुणीतरी जीव दिला अशी बातमी साखर पेठेत पसरली होती आणि कोण गेलं याची चौकशीही न करता एका म्हातारीनं गळा काढला होता.

“खारट हाय सर,” मी खालून सांगितलं.

“किती खारट? घामाएवढं की आसवांएवढं?”

त्या घटकेला दोन्ही माझ्या तोंडात येत होती, त्यामुळं तुलना सोपी होती. “आसवांएवढं.”

“लिहा,” सर शेजारच्या पोराला म्हणाले. मग खाली वाकून, “बाटली भरली का? मग बाटली आधी वर पाठव. जेऊर मागून येईल.”

जेऊर म्हणजे मी. माझं गाव करमाळ्याकडचं जेऊर. सरांनी चार वर्षांत मला माझ्या नावानं एकदाही हाक मारली नाही. त्यांचं म्हणणं असं, की माणूस म्हणजे बराचसा पाणीच, तेव्हा त्याला नावही पाण्याचंच असावं. ज्या गावचं पाणी पिऊन वाढला, ते त्याचं नाव. वहीत चव लिहिणारा पोरगा म्हणजे अक्कलकोट, वाण्याच्या पेढीवरचा, घरात कानडी आणि बाहेर मराठी बोलणारा. आणि दोर धरून उभा असलेला, मागावर बसणाऱ्या घरातला, तेलुगू बोलणारा तिसरा, तो साखर पेठ. हजेरीला सर पटाकडे न बघता नुसती गावं म्हणत जायचे आणि एखाद्या पाहुण्याला वाटायचं, आगगाडीची स्टेशनं चालली आहेत.

पुण्याच्या कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवायचे. घर मात्र सोलापुरात, दक्षिण कसब्यात. अंगात बंद गळ्याचा कोट, त्याला आम्लानं पडलेली भोकं. ती भोकं ते शिवू देत नसत. प्रत्येक भोक कुठल्या प्रयोगाचं हे त्यांना पाठ होतं आणि वर्गात उदाहरण द्यायचं झालं की कोट पसरून दाखवायचे. चालताना अधूनमधून थांबून समोरच्या वस्तूला “का?” असं विचारायचे. खांबाला विचारलेलं मी पाहिलं आहे. एकदा पुण्यात एका टांग्याच्या घोड्याला विचारलं आणि घोडं चक्क मागं सरलं. खोटं वाटत असेल तर त्या टांगेवाल्याला विचारा. तो हयात असेल तर सांगेल.

त्या कॉलेजात पुढं वर्षानुवर्षं सरांचा एक प्रश्न प्रसिद्ध होता. एखादा विद्यार्थी नाचत नाचत नवा शोध घेऊन आला, की सर तो शांतपणे ऐकायचे आणि विचारायचे, “बाटली रात्री कुठं होती?” शोध बाटलीतला असो वा नसो, प्रश्न हाच. पोरं तो एकमेकांना चिडवायला वापरायची. परीक्षेत नापास झालेल्यालाही विचारायची. हा प्रश्न आला कुठून, हे त्यांतल्या एकालाही माहीत नव्हतं. मला माहीत आहे, कारण बाटल्या भरणारा मी.

सरांचं युनिव्हर्सिटीशी एक जुनं भांडण होतं. संशोधन करायचं ते बी.एस्सी. झाल्यावर, एम.एस्सी.ला, असा तेव्हाचा शिरस्ता. त्याखालच्या पोरांनी ठरलेले प्रयोग करायचे, ज्यांची उत्तरं पुस्तकाच्या शेवटी छापलेली असत. “उत्तर माहीत असलेला प्रयोग म्हणजे शिजलेला भात परत चुलीवर ठेवणं,” सर म्हणायचे. “पोरांना तांदूळ कधी दाखवणार?” दर वर्षी ते कॉलेजकडे एकच गोष्ट मागायचे. प्रयोगशाळेच्या मागं मोडक्या खुर्च्यांची एक खोली होती. ती मोकळी करून बी.एस्सी.च्या पोरांना द्या, किल्लीसकट. त्यांना ज्याचं उत्तर कुणालाच माहीत नाही असं काहीतरी शोधू द्या. दर वर्षी नकार यायचा. कॉलेजला मोडक्या खुर्च्यांचा फार लळा होता.

शेवटी एकदा वरच्यांनी वैतागून सांगितलं, की पोरांकडून एक काम करून दाखवा. मुंबईहून एक मोठे प्राध्यापक येऊन तपासतील. काम खरं निघालं तर खोली. खोटं निघालं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही, तुम्ही नोकरीत आहात तोवर. सरांनी दोन्ही अटी कबूल केल्या. आम्हाला सांगताना मात्र दुसरी अट त्यांनी फार घाईनं सांगितली.

म्हणून त्या उन्हाळ्यात आम्ही तिघं सोलापुरात होतो. मार्शल लॉ उठून दोन उन्हाळे झाले होते. सोलापूरचा मे म्हणजे काय, ते ज्यानं काढलाय त्यालाच ठाऊक. दुपारी गाढवं कोर्टाच्या व्हरांड्यात येऊन बसायची आणि पट्टेवाला त्यांना उठवायचा नाही, कारण उठवायला उन्हातून जावं लागे. असल्या उन्हात आम्ही गावातल्या झाडून सगळ्या विहिरी आणि आड पालथे घालत होतो.

प्रश्न सरांनी गावातूनच उचलला होता. सोलापुरात प्रत्येक आळीला आपल्या पाण्याचा अभिमान. आमच्या आडावर डाळ कशी लोण्यासारखी शिजते, आणि पलीकडच्या आळीत दिवसभर चूल पेटवली तरी दाणा दगडाचा दगड. लग्न ठरवताना पोरीच्या माहेरची डाळ कुठल्या पाण्यावर शिजते हे विचारणारी माणसं मी पाहिली आहेत. तर पाण्यापाण्यात हा फरक खरंच आहे का, असला तर किती, हे आजवर कुणीच मोजलं नव्हतं. ते आम्ही मोजायचं.

मोजायची रीत सोपी होती. जड पाण्याला साबणाचा फेस येत नाही. बाटलीत पाणी घ्यायचं, नळीतून साबणाचं द्रावण थोडं थोडं सोडायचं, बाटली खळखळवायची आणि फेस टिकेपर्यंत किती मापं साबण लागला ते लिहायचं. पहिल्या दिवशी हात बसावा म्हणून सरांच्या घरच्या आडाचं पाणी मोजलं. चौदा मापं लागली.

बाटल्या ब्रँडीच्या होत्या. सरांनी त्या कॅम्पातल्या भंगारवाल्याकडून पोत्यानं आणल्या, तेव्हा गल्लीत बातमी पसरली की मास्तर हाताबाहेर गेले. मग वर्दी गेली आणि एक हवालदार आला. नुकत्याच गेलेल्या दिवसांमुळं पोलिसांना बाटली आणि कॉलेजचा पोरगा एकत्र दिसले की झोप लागत नसे.

“इसमें क्या है जी मास्तर?” त्यानं विचारलं.

“पानी.”

“पानी तो दिखता है. पानी में क्या है?”

सरांनी त्याला मिठी मारली. इतकी वर्षं वर्गात शिकवतोय, एकानं आपणहून हा प्रश्न विचारला नाही, असं म्हणून त्याच्या हातात बाटली दिली. हवालदारानं ती अशी खळखळवली, की तसा फेस आमच्या हातून कधी आला नाही. पुढं तो ड्यूटी संपली की रोज यायचा आणि पट्टा काढून ठेवून बाटल्या हलवायचा.

आता घरातलं माणूस सांगायला हवं. सरांची थोरली बहीण, आक्का. लहान वयात विधवा झालेल्या, लाल आलवणातल्या, पहाटे मिलचा भोंगा व्हायच्या आधी आंघोळ उरकून सोवळ्यात असणाऱ्या. सरांचं सगळं घर त्यांच्या जिवावर. आम्हा तिघांना त्यांनी कधी उपाशी ठेवलं नाही, पण पानं ओटीवर, त्यातही साखर पेठेचं आणि माझं जरा उंबऱ्याच्या अलीकडं. वाढताना हात मात्र आखडता नसायचा.

पहिल्या संध्याकाळी आम्ही वेगवेगळ्या आळ्यांचं पाणी घेऊन आलो आणि बाटल्या मागच्या पडवीत, आडाशेजारी, ओळीनं मांडल्या. प्रत्येकीच्या गळ्यात विहिरीच्या नावाची चिठ्ठी. आक्का दारात उभ्या राहिल्या.

“हे कुठलं कुठलं पाणी आहे रे?”

सरांनी सगळ्या वस्त्या सांगितल्या. काहींची नावं आक्का कधी तोंडानं घेत नसत; ती नावंही सरांनी स्पष्ट सांगितली.

“माझ्या आडाजवळ हे चालायचं नाही.”

“आक्का, हे पाणी प्यायचं नाही. हे पाणी विचारायचं आहे.”

आक्कांनी बाटल्यांच्या ओळीवरून एकदा नजर फिरवली. त्या आत गेल्या आणि सरांनी ते होकारात जमा केलं. विधान खोडलं नाही की ते मान्य झालं, असं धरायची शास्त्रज्ञांना एक वाईट खोड असते.

रात्रभर बाटल्या तशाच ठेवायच्या आणि सकाळी मोजायचं, हा सरांचा दंडक. मोटेनं ढवळलेलं, डोक्यावरून हिंदकळत आलेलं पाणी लगेच मोजलं तर गाळ मध्ये येतो. “दमलेल्या पाण्याला प्रश्न विचारू नये,” असं त्यांचं वाक्य होतं. सकाळी आम्ही मोजायला बसलो. पहिली विहीर, चौदा. दुसरी, चौदा. तळ्याजवळची, चौदा. साखर पेठेतली, जिनं माझ्या तोंडाची चव घालवली ती, चौदा.

आठवडा गेला, दुसरा गेला. चौदा. अक्कलकोट झोपेत कानडीतून चौदा म्हणायला लागला.

“सर,” एक दिवस तो म्हणाला, “जिभेला फरक लागतो की. ह्यो जेऊर चार ठिकाणी बुडाला, चार चवी सांगितल्या. वहीत हायत. मग साबणाला का लागंना?”

“जीभ ही भावनाप्रधान वस्तू आहे,” सर म्हणाले. “साबणाला घरदार नाही.”

“मग एखादा तेरा, एखादा पंधरा लिहू का? लोकांना बरं वाटेल की.”

सरांनी त्याच्याकडं असं पाहिलं, की तो बिचारा दिवसभर चौदा सोडून दुसरा आकडा तोंडात आणीना, किराणा आणायला गेला तरी.

आणि मग एका सकाळी सरांना ते सुचलं. दात घासताना सुचलं. राखुंडीनं काळ्या झालेल्या तोंडानं ते अंगणात धावत आले. सगळ्या विहिरींचं पाणी सारखं, कारण खाली पाणी एकच आहे. सोलापूरच्या पोटात एक तळं आहे, कसब्यापासून साखर पेठेपर्यंत, आणि आपण सगळे वरून वेगवेगळ्या भोकांतून एकच पाणी उपसतो आणि डाळीवरून भांडतो. खरं सांगतो, आमच्या अंगावर काटा आला. त्या क्षणी पृथ्वीवर ही गोष्ट फक्त चार माणसांना माहीत होती आणि त्यांतल्या तिघांची बी.एस्सी. व्हायची होती. साखर पेठेनं आधी आडाकडं, मग जमिनीकडं पाहिलं. मग हळूच म्हणाला, “म्हणजे तुमच्या आडात आणि आमच्या विहिरीत भिंत नाही, सर?”

“नाही,” सर म्हणाले. “भिंत वर आहे.”

एकच गोष्ट सरांच्या नजरेतून सुटली, आणि ती पडवीसमोरच उभी होती. त्या मे महिन्यात सगळ्या गावाची झाडं काटक्या झाली होती, पण आक्कांच्या परसातली पपई अशी माजली होती, की तिची पानं शेजारच्या छपरावर सावली टाकायची आणि फळं बघून भोपळ्यांनी माना खाली घालाव्यात. दुपारी आम्ही सगळे ती पपई खात होतो. खांबाला “का?” विचारणाऱ्या माणसानं त्या झाडाला काही विचारलं नाही.

मुंबईचे पाहुणे आले. उंच, कोरडे, दर वाक्याला फक्त “हं” म्हणणारे. सरांनी दोन तास पाताळातलं तळं समजावून सांगितलं. पाहुणे सगळे आकडे वाचून म्हणाले, “हं.” मग म्हणाले, “मला समोर एक विहीर मोजून दाखवा.”

“आज पाणी आणू, रात्रभर ठेवू आणि सकाळी—”

“मला संध्याकाळची मेल गाठायची आहे. पाणी दमलेलं असलं तरी चालेल.”

टांग्यातून साखर पेठेत गेलो. या वेळी मला बुडवलं नाही, घागरीनंच पाणी काढलं आणि फडक्यानं गाळलं. साखर पेठेनं नळी धरली, मी बाटली हलवली. दहा. बारा. चौदा. फेस नाही. विहिरीवरच्या बाया हंडे खाली ठेवून बघायला लागल्या. अठरा, बावीस. नळी रिकामी झाली आणि बाटलीत ताकाच्या निवळीसारखं काहीतरी झालं, पण फेस म्हणून नाही. तिथून तळ्याजवळ गेलो. तिथलं पाणी नऊलाच फेसाळलं.

त्या टांग्यात परत येताना आम्हा तिघांना मोडक्या खुर्च्यांची ती खोली डोळ्यांसमोर दिसत होती, आणि तिला बाहेरून कुलूप होतं. अक्कलकोट रडायच्या बेतात होता. पाहुणे बाहेर बघत होते. आणि सर? सरांचे डोळे चमकत होते. आयुष्यभराचं मागणं गेलं, नाक कापलं गेलं, आणि हा माणूस गुडघ्यावर हात आपटत स्वतःशीच म्हणत होता, “का? पण का?”

घरी पोचताच त्यांनी पडवीतली कालची एक बाटली उचलली, मोजली. चौदा. दुसरी मोजली. चौदा. मग दोर सोडून घरच्या आडाचं पाणी काढलं आणि तिथल्या तिथं मोजलं. चौदा. ते तसेच बाटली हातात धरून स्वयंपाकघराच्या दाराकडं वळले.

“आक्का.”

आक्का दारात आल्या.

“या बाटल्यांना कुणी हात लावतं का?”

“मी लावते.” आक्कांच्या आवाजात काही फरक नाही. “पहाटे आंघोळीच्या आधी सांडशीनं धरून ओतते, विसळते आणि आपल्या आडाचं भरून ठेवते. मग आंघोळ करते.”

“रोज?”

“तुम्ही रोज आणता.”

“अगं, पण परत भरून का ठेवलंस?”

“पोरांचा अभ्यास बुडू नये म्हणून. चिठ्ठ्यांना हात लावला नाही हो. जिची तिला आहे.”

मग साखर पेठ बोलला. एरवी तो त्यांच्यासमोर फारसा बोलायचा नाही. “आमच्या विहिरीचं ओतलंत, आक्का?”

“सगळ्यांचंच ओतलं. मी दुजाभाव केला नाही.”

“समोरच्या कुलकर्ण्यांच्या आडाचंसुद्धा?” सरांनी विचारलं.

“त्यांच्याकडं आता सोवळं कुठं राहिलंय.”

“आणि ओतत कुठं होतीस?”

आक्कांनी पपईकडं बोट केलं. आम्ही सगळ्यांनी तिकडं पाहिलं. साखर पेठेला पहिल्यांदा हसू फुटलं. “म्हणजे आक्का, महिनाभर तुम्ही आमच्या विहिरीची पपई खाल्ली.”

“झाडातून आलं की शुद्ध होतं,” आक्का म्हणाल्या आणि पदर सारखा केला.

पाहुणे एवढा वेळ पडवीच्या खांबाला टेकून उभे होते. आता ते पुढं झाले आणि अक्कलकोटच्या हातातली वही घेतली.

“पाण्यात फरक आहे, हे तुम्हाला गावात किती जणांनी सांगितलं?”

“सगळ्यांनी की सर.”

“तुमच्या जिभेला लागला?”

“लागला.”

“मग एकदा तरी तेरा लिहावंसं वाटलं नाही? पंधरा?”

“रोज वाटलं, सर,” अक्कलकोट म्हणाला. “पण आलं ते चौदाच. काय करणार?”

“हं,” पाहुणे म्हणाले. पण हे “हं” वेगळं होतं, जरा लांबलेलं. त्यांनी वही मिटली. “विहिरींबद्दल तुम्हाला काडीचं कळलेलं नाही. तुमचं तळं या घराबाहेर कुठंही नाही. पण एकच पाणी महिनाभर वेगवेगळ्या नावांनी तुमच्यासमोर आलं, सारं गाव कानाशी वेगळं सांगत होतं, आणि तुम्ही दर वेळी तेच मोजलंत. माझ्याकडची मोठी पोरं पहिल्या आठवड्यात गावाच्या बाजूला गेली असती.” मग सरांकडे वळून, “जूनमध्ये खुर्च्या काढायला सांगतो. मात्र विहिरी पहिल्यापासून. आणि रात्री बाटल्या कुठं असतात ते आधी बघत चला.”

मेलला वेळ होता. जाताना त्यांनी अर्धी पपई मागून घेतली, वर्तमानपत्रात बांधून.

टांगा वळणाआड गेला तसे सर पळतच स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. उंबऱ्याच्या आत जायची त्यांनाही परवानगी नव्हती, कारण ते टांग्यातून आले होते. आत आक्का रात्रीचे तांदूळ निवडत होत्या. आम्ही तिघं मागं उभे. सरांना बोलताना धाप लागली होती.

“आक्का, मिळाली. पोरांना कॉलेजात खोली मिळाली.”

“बरं झालं,” आक्का सुपातून मान वर न करता म्हणाल्या. “मग त्या बाटल्या आता तिकडं ने.”